प्लीहा ठणठणीत आहे, मग ‘पी’ दुबळी कशी?

वाचकाचं पत्र

वय ३९. चार वर्षं सिंगापूरला आहे, आयटीत नोकरी. माहेर कुडाळचं, पण लग्नानंतर पूर्ण शाकाहारी झाले. गेलं दीड वर्ष जेवलं की पोट डब्ब होतं, सकाळी दोन-तीनदा पातळ होते आणि दुपारी तीननंतर अंगात त्राण राहत नाही. हातपाय जड वाटतात. वजन आहे तेवढंच आहे. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल दोन वर्षांपासून रोज घेते, शिवाय बीपीची एक गोळी. सकाळी फक्त दुधाचा चहा, पहिलं खाणं एक वाजता, तेही कॉल चालू असताना डेस्कवरच.

ऑफिसमधली चिनी मैत्रीण मला त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली आणि म्हणाले, ‘तुमची स्प्लीन कमजोर आहे, शरीरात ओल साचली आहे.’ दिवसातून दोनदा गरम पाण्यातून घ्यायला पावडरच्या पुड्या दिल्या. बर्फाचं, कच्चं, दूध, दही, केळं सगळं बंद. मी घाबरून सुट्टीत कुडाळला सोनोग्राफी केली, तर प्लीहा अगदी नॉर्मल! नवरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. आई म्हणते, पोट बिघडलंय तर दहीभात खा. पुड्या पंधरा दिवस घेतल्या, थोडं बरं वाटलं, मग भीतीने थांबवल्या. नक्की कोणाचं ऐकू?
— मृणाल (नाव बदललं आहे)

उत्तर

प्रिय मृणाल,

आधी सोनोग्राफीबद्दल बोलू, कारण सगळी भीती तिथून सुरू झाली आहे. तुमचा रिपोर्ट बरोबर आहे. त्या वैद्यांनीही त्यांच्या शास्त्राप्रमाणे चूक काही सांगितलं नाही. गोंधळ झालाय तो भाषांतरात.

चिनी वैद्यकात ‘पी’ नावाचं एक अंग मानतात. इंग्रजीत त्याला स्प्लीन म्हणायची पद्धत पडली आणि आपण त्याचं मराठी केलं प्लीहा. पण डाव्या बरगडीखालचा, जुन्या रक्तपेशी गाळणारा जो अवयव सोनोग्राफीत दिसतो, त्याचं काम आणि चिनी ग्रंथांतल्या ‘पी’चं काम यांत फारच थोडं साम्य आहे. ‘पी’चं मुख्य काम म्हणजे खाल्लेल्याचं रूपांतर करणं आणि त्यातलं सत्त्व अंगभर पोहोचवणं. जठर अन्न खाली ढकलतं, ‘पी’ त्यातला सार वर उचलते, अशी जोडी आहे. ही जोडी म्हणजे जन्मानंतर मिळवलेल्या ताकदीचं मूळ, असं ते मानतात. आईवडिलांकडून आलेली ताकद मूत्रपिंडात, आणि रोजच्या भाकरीतून कमावलेली ताकद इथे.

तुम्ही मराठी आहात म्हणून सांगते: कानाला ‘प्लीहा’ ऐकू आली तरी मनात ‘अग्नी’ आणा. आयुर्वेदात प्लीहेचा संबंध रक्ताशी जोडला आहे, पचनाचा कारभार अग्नीकडे आहे. ‘अग्नी मंद झाला, आम साचला’ असं एखाद्या वैद्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही सोनोग्राफीला धावला नसता. दोन्ही शास्त्रं एकच आहेत असं मी म्हणत नाही, त्यांची नाडी वेगळी, औषधं वेगळी, विचारही वेगळा. पण अर्थ समजून घ्यायला ‘प्लीहा’पेक्षा हा शब्द कितीतरी जवळचा आहे.

‘पी’ची ‘ची’, म्हणजे तिची काम करण्याची शक्ती, कमी पडली की काय होतं याचं वर्णन ऐका. जेवल्यावर पोट फुगणं, मऊ शौच, जेवणानंतर झोप, हातापायांत जडपणा, बोलायलाही नको वाटणं, फिकट आणि फुगीर जीभ, तिच्या कडेला दातांचे ठसे. रूपांतर नीट झालं नाही की पाणी साचतं, त्याला ते ‘ओल’ म्हणतात. पाऊस पडून गेलेल्या अंगणात पाय रुततो तसं अंग वाटतं. तुमचं पत्र आणि ही यादी शेजारी ठेवली तर त्या वैद्यांनी हे नाव का घेतलं ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची जी नवी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्या २६व्या प्रकरणात हे निदान नोंदवलेलंही आहे. ते नोंदी ठेवण्यासाठी आहे, उपचार सिद्ध झाल्याची ती पावती नव्हे. पण ‘थोतांड’ हा शब्द तुमच्या यजमानांनी मागे घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः आधुनिक वैद्यकाची डॉक्टर आहे. सिंगापुरात सहा वर्षं राहिले. आमच्या इमारतीच्या खालीच एक चिनी औषधांचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, आणि म्हातारे दुकानदार एका हातात बारीक दांडीचा तराजू धरून गुलाबी कागदावर मुळ्या, साली, बिया मोजून टाकायचे. एका कागदावर एका दिवसाचं औषध. ते बघताना मला माझ्या आजीचा काढ्याचा डबा आठवायचा. तिथेच मी पहिल्यांदा ली डोंगयुआन हे नाव ऐकलं, आणि तुमच्या पत्राचं उत्तर त्यांच्याशिवाय अपुरं राहील.

ली डोंगयुआन (११८० ते १२५१) हे चीनमधले वैद्य, सधन घरातले. आई आजारी पडली, बरेच वैद्य झाले, पण तिला नेमकं काय झालंय हे कोणालाच कळलं नाही आणि ती गेली. तेव्हा ते वैद्यक शिकले. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने काइफंग शहराला वेढा घातला तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. वेढा उठल्यावर शहरात माणसं पटापट मरू लागली. त्यांनी लिहून ठेवलंय की शहराला बारा वेशी होत्या आणि प्रत्येक वेशीतून दिवसाला हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर नेली जात होती. हे जवळजवळ तीन महिने चाललं. बाकीचे वैद्य त्याला बाहेरून आलेला ताप समजून घाम काढणारी, जुलाब करवणारी औषधं देत होते. लींचं म्हणणं वेगळं होतं. वेढ्यात माणसांना वेळेवर अन्न नाही, झोप नाही, जिवाची भीती आणि राबणं अहोरात्र. त्यांचं पचन आधीच खचलं होतं. वेढा उठला आणि ती उपाशी माणसं एकदम पोटभर जेवली. रोग बाहेरून आला नव्हता, आतली भिंतच ढासळली होती. आणि ढासळलेल्या भिंतीला जुलाबाची औषधं!

(आज आपल्यालाही माहीत आहे की फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि जिवावर बेततं. काइफंगमध्ये साथही असेल, सगळं एकाच कारणाने झालं असं नाही. पण त्या माणसाची नजर किती तीक्ष्ण होती!)

पुढे १२४९ मध्ये त्यांनी ‘पी आणि जठर’ याच विषयावर ग्रंथ लिहिला. अवेळी खाणं, अति श्रम आणि मनावरचा ताण ही तीन कारणं त्यांनी सांगितली. आता तुमचा दिवस बघा. सकाळी रिकाम्या पोटी चहा, पहिला घास एक वाजता, तोही कॉलवर. चिनी घड्याळात सकाळी ७ ते ९ जठराची वेळ आणि ९ ते ११ ‘पी’ची. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ज्या चार तासांत तुमचं पचन सगळ्यात जोरात काम करायला तयार असतं, तेव्हा तुम्ही त्याला काहीच देत नाही. शिवाय ते प्रत्येक अंगाला एक भावना जोडतात. ‘पी’ची भावना आहे सततचा विचार, एकच गोष्ट मनात घोळवत राहणं. जेवताना ज्याचं डोकं दुसरीकडे, त्याचं अन्न अंगी लागत नाही. हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनीही सांगितलंच आहे, फक्त त्यांनी ‘पी’ म्हटलं नाही.

हे सगळं मला पटतं. तरीही मी तुम्हाला पुड्या पुन्हा सुरू करा असं आज सांगणार नाही. दीड वर्ष पोट बिघडलेलं आणि अंगात त्राण नाही, आणि केलेली एकमेव तपासणी सोनोग्राफी! खरी चूक ही झाली आहे.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी लाल खूण केली. तुम्ही शाकाहारी आहात, आणि पँटोप्राझोल दोन वर्षं चालू आहे. बी-१२ अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. मुळात शाकाहारात बी-१२ कमी, त्यात आम्ल दाबलेलं. थकवा, हातापायांना मुंग्या, पोटाच्या तक्रारी हे सगळं तिथून येऊ शकतं. आम्ल कमी झालं की लोहही कमी शोषलं जातं. म्हणून रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ या आठवड्यातच करा.

दुसरी तपासणी थायरॉइडची, टीएसएच. जीभ फुगून तिच्यावर दातांचे ठसे उमटणं हे थायरॉइड मंद असलं तरी दिसतं. तेव्हा सहसा शौच पातळ नसतं, उलट बद्धकोष्ठ असतं, म्हणून माझा पहिला संशय तिथे नाही. पण चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला थकवा आहे म्हटल्यावर ही तपासणी सोडता येत नाही. साखरेसाठी एचबीए१सी. गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या सिलिॲकची अँटिबॉडी, आणि ती करेपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटी नॉर्मल येते. शौचाची तपासणी. जठरातल्या जंतूसाठी श्वासाची तपासणी करायची झाली तर पँटोप्राझोल आधी दोन आठवडे थांबवावं लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. दोन वर्षांची सवय असलेली ही गोळी एकदम सोडली की आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. ती अजून लागते का, हा प्रश्न मात्र त्यांना नक्की विचारा.

शौचात रक्त दिसलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, न ठरवता वजन उतरलं, ताप येत राहिला, गिळताना अडकलं किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर कुठल्याही काढ्याची किंवा माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

आता पुड्या. या दुखण्यावरचा चिनी वैद्यकातला पायाचा काढा म्हणजे ‘चार सज्जनांचा काढा’, सुंग राजवटीच्या काळापासून चालत आलेला. त्यात जिनसेंग (हल्ली पुष्कळदा त्याऐवजी डांगशेन ही स्वस्त मुळी), बाइझू नावाची मुळी, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी, आणि भाजलेलं ज्येष्ठमध असतं. सज्जन अशासाठी की चौघंही सौम्य, कोणी आक्रमक नाही. त्यात संत्र्याची वाळवलेली साल आणि बानशिया हा कंद घातला की सहांचा काढा होतो. जपानमध्ये तोच काढा आलं आणि चिनी बोरं घालून डॉक्टर लिहून देतात आणि सरकारी विम्यात तो मिळतो. जेवल्यावर लगेच पोट भरल्यासारखं वाटणं या तक्रारीवर तिथे त्याच्या चाचण्याही झाल्या आहेत, काहींत फायदा दिसला. तेव्हा पंधरा दिवसांत तुम्हाला बरं वाटलं हा भास होता असं मी म्हणणार नाही. त्याच पंधरा दिवसांत तुम्ही बर्फ आणि दूधही बंद केलं होतं, हेही लक्षात असू द्या.

पण तुम्ही बीपीची गोळी घेता. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. हा पुस्तकी धोका नाही, मी पेशंटमध्ये बघितला आहे. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. बीपीच्या गोळीची गोष्ट त्या वैद्यांना सांगितली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी ते सांगा. आणि तुमच्या डॉक्टरांनाही पुड्यांबद्दल सांगा. रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू झाली तर जिनसेंगबद्दल दोघांनाही पुन्हा विचारावं लागेल.

पुडीवर प्रत्येक घटकाचं नाव हवं. एका मुळीच्या जागी दुसरी गेली तर काय होतं ते बेल्जियममध्ये दिसलं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बारीक होण्यासाठी चिनी औषधं घेणाऱ्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, कारण मिळत्याजुळत्या नावाची विषारी वनस्पती मिसळली गेली होती. सिंगापुरात तुम्ही त्या मानाने सुरक्षित आहात. तिथे २००० साली चिनी वैद्यांसाठी कायदा झाला, नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीकृत वैद्यांची यादी कोणालाही बघता येते. तुमच्या वैद्यांचं नाव त्यात आहे का बघा. मैत्रिणीने मलेशियातून आणलेली बिननावाची पावडर असेल तर ती मात्र घेऊ नका.

रिपोर्ट येईपर्यंत खायचं काय? इथे मी त्या वैद्यांच्या बाजूने आहे, आणि तुमच्या आईच्याही. तुम्ही दोघांना उगाच एकमेकांविरुद्ध उभं केलंय.

चिनी घरात पोट बिघडलं की पहिली आठवण होते पेजेची. आमच्या शेजारच्या आजी पहाटे पाचला मंद आचेवर भांडं ठेवायच्या, झाकण किंचित तिरकं, वाफेला वाट मिळेल इतकंच. त्या उत्तर चीनच्या, म्हणून तांदळाऐवजी श्याओमी शिजवायच्या. (त्याच नावाचा मोबाइल तुम्हाला माहीत असेल.) पिवळे बारीक दाणे बघून मी चकित झाले, कारण तो आपला राळा होता! उत्तरेकडे बाळंतिणीला हीच पेज देतात. एक छोटी वाटी राळा धुऊन अर्धा तास भिजवायचा, आठ-दहा वाट्या पाण्यात चाळीस मिनिटं शिजवायचा. आच बंद करून पाच मिनिटं थांबलं की वर एक दाट, चकचकीत साय येते. त्या सायीला ते ‘तांदळाचं तेल’ म्हणतात, राळ्याची असली तरी, आणि आजाऱ्याला आधी तीच देतात. आजींनी मला पहिल्यांदा वाडगा दिला तेव्हा ती साय मी चमच्याने बाजूला सारत होते. त्यांनी माझा हात धरला आणि तो चमचा माझ्या तोंडाकडे नेला.

तुम्ही कुडाळच्या. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या. सकाळी साडेसात-आठला वाडगाभर गरम पेज, चिमूटभर मीठ, हवं तर किसलेलं आलं. चहा त्यानंतर. एवढा एक बदल तीन आठवडे करून बघा.

‘पी’ला बळ देणाऱ्या त्यांच्या पदार्थांत आपल्या ओळखीचे बरेच निघतात. ह्वाइशान हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला, भाजी किंवा सूप करा. मखाणे तर त्यांच्या औषधातच आहेत. ‘रेड डेट्स’ म्हणजे लाल खजूर असं समजून आपली माणसं फसतात, ती खरं तर वाळवलेली चिनी बोरं, दिवसाला दोन-तीन पुरेत. ओल काढायला सिंगापुरात ‘चायनीज बार्ली’ नावाने मिळणारे यीयीरेनचे दाणे भाजून उकळतात. दिवस राहण्याची शक्यता असेल तर मात्र ते टाळा.

दही-दुधाचं काय? मोठेपणी दुधातली साखर न पचणारी माणसं चीनमध्ये फार, त्यामुळे तिथल्या वैद्यांनी दूध बंद करायला सांगणं समजण्यासारखं आहे. आपल्यातही अशी माणसं कमी नाहीत. तुम्ही दूध दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा, चहा कोरा घ्या. पातळ शौच थांबलं तर पुष्कळसं उत्तर तिथेच मिळालं. दह्यात ती साखर कमी असते. त्यामुळे फ्रिजमधलं गार दही नको, पण तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणात कोमट खोलीत ठेवलेलं ताजं ताक, जिरं आणि सुंठ घालून, थोडंसं घेऊन बघा. सोसलं तर आईचा दहीभात परत सुरू करा. कच्चं सॅलड आणि बर्फाचा लिंबूचहा एवढ्यात नको. केळ्याबद्दल माझा आग्रह नाही.

जेवताना लॅपटॉप बंद. वीस मिनिटं. कॉल पुढे ढकलता येत नसेल तर जेवण पुढे ढकला, पण दोन्ही एकदम नको.

आणि एक साधी गोष्ट, जिने बीपीलाही धोका नाही. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर ‘त्सूसानली’ नावाचा बिंदू आहे. थकलेला माणूस तो दाबून आणखी तीन ली (अंतराचं चिनी माप) चालू शकतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. रात्री टीव्ही बघताना अंगठ्याने दोन्ही पायांवर दोन-तीन मिनिटं, गोड दुखेल इतपत दाबा.

रिपोर्ट आले की बी-१२, फेरिटिन आणि टीएसएचचे आकडे मला कळवा. त्याबरोबर पुडीवरच्या लेबलचा फोटो पाठवा आणि पेज सुरू केल्यापासून सकाळी किती वेळा जावं लागतं तेही लिहा.